शनिवार तेली आणि केहिमकर

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी आयझॅक बाशेविस सिंगर या लेखकाची एक कथा शिकवायला घेतली. सिंगर यांना १९७८ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते यिद्दिश भाषेत लिहीत, एवढे सांगून सर कथेकडे वळायचे ते त्या एका शब्दावरच रेंगाळले. यिद्दिश म्हणजे 'ज्यूंची', एवढाच त्याचा अर्थ. यहूदा हे याकोबाच्या एका मुलाचे नाव. त्याच्या वंशाचे ते यहुदी. हिब्रूतला हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला तेव्हा यहुदीच राहिला, ग्रीक, लॅटिन आणि फ्रेंच अशी गावे घेत इंग्रजीत पोचला तेव्हा झिजून ज्यू झाला, आणि जर्मन मुलखात वस्ती केलेल्या ज्यूंच्या तोंडी यीद झाला. या यीदवरून यिद्दिश. गंमत अशी, की घरच्या माणसाने हा शब्द दीर्घ स्वर लावून उच्चारला तर त्यात आपुलकी असते, आणि परक्याने तोच ऱ्हस्व करून इंग्रजीत फेकला की ती शिवी होते.

मग सरांनी विचारले, की आपल्या महाराष्ट्रातही ज्यू आहेत, त्यांना कोकणात काय म्हणत असत? वर्गात शांतता. सरांनीच उत्तर दिले : शनिवार तेली. सारा वर्ग हसला. शब्दच असा, की हसू यावे. मीही हसले. परंतु ते हसू माझ्या गळ्यातच अडकले, कारण मी तेल्याची मुलगी आहे, आणि ही गोष्ट मी तोवर वर्गात कुणाला सांगितलेली नव्हती.

माझे गाव गुंजवणे. राजगडाच्या पायथ्याचे. चोरदरवाज्याने गडावर चढणारे बहुतेक लोक आमच्या दारावरूनच जातात. माझ्या आजोबांचा लाकडी घाणा होता. खुरासणी, तीळ, भुईमूग असे गावोगावचे पीक त्यांच्याकडे गाळायला यायचे. मी जन्मायच्या कितीतरी आधी तो बंद पडला, बैल विकला गेला, आणि आता परड्यात त्याचा दगडी भाग तेवढा अर्धा मातीत रुतलेला आहे. घाणा गेला, पण तेली हे नाव काही गेले नाही. सकाळी कामाला निघालेल्या माणसाला तेली आडवा आला तर काम होत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. आजोबा पहाटे तेलाची बुधली घेऊन निघाले आणि समोरून कुणी बैलजोडी घेऊन येताना दिसले, की ते स्वतःच बांधावरून खाली उतरून उभे राहत, असे आजी सांगते. ती हे रागाने सांगत नाही. पाऊस कोणत्या नक्षत्रात पडायचा हे जसे सांगावे, तसे सांगते. मला मात्र ते ऐकताना दर वेळी कसेसेच होते. आमच्या घरात पदवीच्या वर्गात बसलेली मीच पहिली. शाळेत असताना राजा भोज आणि गंगू तेली ही म्हण माझ्यावरून किती वेळा झाली याचा हिशेब नाही. महाविद्यालयात आल्यावर नव्या जागी नवे लोक, म्हणून मी गप्प राहिले होते.

असो. सांगायचा मुद्दा हा, की त्या दिवशी तास संपल्यावर मी ग्रंथालयात गेले आणि शनिवार तेल्यांविषयी काही मिळते का ते पाहू लागले. ग्रंथपालांनी खूप शोधाशोध करून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून दिले. भारतातील बेने इस्राएलांचा इतिहास, लेखक हाईम सॅम्युएल केहिमकर, छपाई तेल अवीव, १९३७. शब्दकोश शेजारी घेऊन मी ते दोन महिने वाचत होते. इंग्रजी माझे कच्चे आहे. पहिल्या दिवशी दीड पान झाले. शिवाय 'बेने' हा शब्द पाहून मला आधी आठवले ते उसाचे बेणे! पुढे कळले, की हिब्रूत बेन म्हणजे मुलगा आणि बेने म्हणजे मुलगे. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाची लेकरे. याकोब रात्रभर देवदूताशी झुंजला, तेव्हा त्याला इस्राएल हे नाव मिळाले अशी बायबलात कथा आहे. हिब्रूच्या पंडितांना चालणार नाही, पण बेणे म्हटले काय आणि लेकरे म्हटले काय, पुढच्या पिढीचाच तो शब्द, असे मला आपले वाटून गेले.

केहिमकरांचा जन्म १८३० चा. आडनावातच गाव आहे. अलिबागजवळचे केहिम, ज्याला आज आपण किहीम म्हणतो, आणि जिथे शहरातले लोक समुद्रस्नानाला जातात. बेने इस्राएलांची अशी शंभराहून अधिक आडनावे आहेत. दिवेआगरवरून दिवेकर, राजपूरवरून राजपूरकर, झिराडवरून झिराडकर, पेणवरून पेणकर. पाटीवर नुसते आडनाव वाचले तर माणूस कोण हे ओळखता येणार नाही. पहिले नाव वाचावे तेव्हा कळते, की हा मोझेस किंवा सॅम्युएल आहे. केहिमकरांच्या जन्माच्या काळी या समाजाची स्थिती आपल्या खेड्यांतल्या कोणत्याही कष्टकरी समाजासारखीच होती. काही कुटुंबे अजून कोकणात घाणे चालवीत होती, शेती करीत होती. काही मुंबईला जाऊन सुतारकाम, गवंडीकाम आणि ठेकेदारी करू लागली होती, आणि बरेच तरुण इंग्रजांच्या पलटणींत भरती होऊन सुभेदारकीपर्यंत चढत होते. शिक्षणाची सोय अशी, की मिशनऱ्यांच्या शाळेत जावे. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंना आपली धर्मभाषा शिकवली ती एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने! विल्सनचा हेतू त्यांना ख्रिस्ती करण्याचा होता. ते हिब्रू शिकले, आणि अधिकच घट्ट ज्यू झाले.

याच पार्श्वभूमीवर १८५३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, केहिमकरांनी आपल्या भावांना व काही समविचारी मित्रांना बरोबर घेऊन आपल्या समाजात विद्येचा प्रसार करण्यासाठी एक मंडळी काढली. मुंबई विद्यापीठ त्यानंतर चार वर्षांनी निघाले. पुण्यात महात्मा फुले यांनी मुलींची शाळा काढली ती त्याआधी पाच वर्षे. फुले केहिमकरांहून तीन वर्षांनीच वडील. या दोघांची कधी गाठ पडली की नाही ते पुस्तकावरून दिसत नाही, परंतु एकाच काळात एकाच इलाख्यात दोन माणसे एकाच निष्कर्षाला पोचली होती, एवढे तारखांवरून कळते.

मंडळी निघाली, शाळा मात्र निघायला बावीस वर्षे लागली. ही बावीस वर्षे चरित्रात एका ओळीत संपतात. मला सारखे वाटत राहिले, की त्या एका ओळीत काय काय दडले असेल. वर्गणीसाठी घातलेले खेटे, परत फिरवलेले निरोप, पोराला शाळेत घालून काय उपयोग असे विचारणारे पालक. माझ्या वडिलांना हा प्रश्न मुलीबद्दल विचारणारे अजून आहेत, म्हणून मला हे अंदाजाने लिहिता येते. शेवटी १८७५ साली मुंबईत शाळा उघडली. इंग्रजी आणि मराठीबरोबर तिथे हिब्रूही शिकवीत. पुढे लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशन या संस्थेची मदत मिळाली, शाळा वाढली आणि हायस्कूल झाली. नंतर तिला सर एली कदूरी यांचे नाव देण्यात आले आणि माझगावात त्याच नावाने ती ओळखली जाते. १८९२ साली केहिमकरांनी आपल्या समाजाच्या इतिहासाची एक छोटी रूपरेषा छापली आणि तिला शिक्षणासाठी मदतीचे आवाहन जोडले. त्यांच्या साऱ्या इतिहासलेखनाचे मूळ मला इथे दिसते. शाळेसाठी परदेशातल्या धर्मबांधवांकडे हात पसरायचा, तर आधी त्यांना पटवून द्यावे लागणार, की आम्ही तुमचेच आहोत. आणि हे पटवणे सोपे नव्हते. मराठी बोलणारी, लुगडे नेसणारी, घाणे चालवणारी ही माणसे ज्यू कशी, अशी शंका बाहेरच्यांना होती. मुंबईत बगदादकडून आलेले श्रीमंत ज्यू व्यापारीसुद्धा त्यांच्याशी सोयरीक करायला तयार नसत.

१८९७ साली, म्हणजे सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी मोठा ग्रंथ पुरा केला. त्यात बेने इस्राएलांची मूळ कथा आहे. फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेली प्रेते त्यांनी तिथेच पुरली, पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. ती चौदा माणसे नवगावात राहिली, तेल गाळू लागली, मराठी शिकली. केहिमकरांच्या मते ही घटना इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराची. अँटिओकस नावाच्या राजाच्या जुलमामुळे ते लोक गालील प्रांतातून पळाले असावेत. याला त्यांनी दिलेला पुरावा वकिली थाटाचा आहे. हनुक्का हा ज्यूंचा सण त्या राजाच्या पराभवानंतर सुरू झाला, आणि कोकणातल्या बेने इस्राएलांना तो मुळी ठाऊकच नव्हता. तेव्हा ते त्याआधीच निघालेले असले पाहिजेत. तेलाच्या धंद्याचाही त्यांनी गालीलच्या तेलाशी संबंध जोडला आहे. आजच्या अभ्यासकांना एवढी जुनी तारीख मान्य नाही. लेखी पुराव्यात बेने इस्राएल हे नाव येते ते १७३८ साली. मद्रासेकडच्या डॅनिश मिशनच्या सार्टोरियस नावाच्या धर्मोपदेशकाने लिहून ठेवले, की सुरत आणि राजापूरच्या बाजूला असे नाव सांगणारे लोक आहेत, त्यांच्याजवळ बायबल नाही, 'शमा' ही एकच प्रार्थना त्यांना येते.

एकच प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि शनिवारची सुटी. सारे विसरल्यावर एवढे उरले होते. शुक्रवारी सूर्य मावळला, की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत घाणा फिरायचा नाही. कोकणातले हिंदू तेली, विशेषतः शिवाचे भक्त, सोमवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते सोमवार तेली, आणि हे शनिवारी बंद ठेवीत, म्हणून हे शनिवार तेली. शब्दाची व्युत्पत्ती एवढी साधी आहे. गावाला त्यांच्या धर्माशी कर्तव्य नव्हते, तेल कोणत्या दिवशी मिळणार नाही एवढेच हवे होते. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. कारण आमच्या घाण्याला सोमवारी सुटी असे. सोमवार महादेवाचा, म्हणून नंदीच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही. म्हणजे वर्गात ज्या नावाला आम्ही सगळे हसलो, त्याच्या जोडीचे नाव माझ्या घराचे होते, आणि मला ते माहीत नव्हते.

पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला भाग सणांच्या नावांचा. हिब्रू नावे विसरून गेल्यावर या लोकांनी आपल्या सणांना मराठी नावे दिली होती. वर्षारंभ तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस तो दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, कुणाला भेटायचे नाही. एका सणाला खीर, म्हणून तो खिरीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास, त्या दिवशी वालाचे बिरडे करीत म्हणून बिर्ड्याचा सण. मिसरातून सुटकेचा वल्हांडण सण, ज्यात आंबवलेले काही चालत नाही, त्याला अनशी ढाकायचा सण म्हणत. अनस म्हणजे आंबट कालवणाचे भांडे, आणि ढाकणे म्हणजे झाकणे. केवढा मोठा इतिहास, आणि तो कालवणाच्या भांड्यावर ठेवलेल्या झाकणात मावला! पुरुष पोथ्या विसरले तेव्हा बायकांच्या चुलीने आठवण ठेवली, असे मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे. डेव्हिड राहाबी नावाचा जो परदेशी ज्यू त्यांना भेटला, त्यानेही परीक्षा घेतली ती चुलीवरच. त्याने बायकांपुढे मासे ठेवून रांधायला सांगितले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. ज्यूंच्या शास्त्रात हाच नियम आहे. राहाबीची खात्री पटली. मग झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून त्याने काजी केले. हा राहाबी केव्हाचा यावरही वाद आहेत. केहिमकर त्याला फार मागे नेतात, इतर लोक अठराव्या शतकातला कोचीनचा मानतात. त्या वादात पडण्याइतके माझे ज्ञान नाही.

राहाबीनंतर ही माणसे हळूहळू पुन्हा पोथीकडे वळली. मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर या पलटणीतल्या अधिकाऱ्याने पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्राएल त्याला मशीदच म्हणत. मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. दिवेकर इंग्रजांच्या बाजूने टिपू सुलतानाविरुद्ध लढताना कैद झाले होते. जात विचारल्यावर त्यांनी बेने इस्राएल असे सांगितले, आणि कुराणातल्या त्या नावाची माणसे कुठे दिसतात का याचे टिपूच्या आईला कुतूहल होते म्हणून त्यांचा जीव वाचला, अशी समाजात आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, नावाविषयी ती पुष्कळ सांगून जाते. यहुदी म्हटलेले या लोकांना आवडत नसे, कारण त्यांच्या आसपास त्या शब्दाला तुच्छतेचा वास होता. तेली म्हणणे हे तर गावाचे. या दोहोंच्या मधून त्यांनी आपले स्वतःचे नाव जपले होते, आणि केहिमकरांचा सारा ग्रंथ म्हणजे त्या तिसऱ्या नावासाठी मांडलेली कैफियत आहे. युरोपातल्या ज्यूंनी यीद हे नाव अभिमानाने आपल्या भाषेलाच देऊन टाकले, आणि कोकणातल्यांनी त्याच मुळाचा यहुदी शब्द नाकारला. एकाच झाडाच्या दोन फांद्यांना ऊन वेगवेगळ्या बाजूंनी लागले.

इथे मला एका गोष्टीची खंत वाटली ती प्रामाणिकपणे सांगते. बेने इस्राएलांमध्येही दोन भाग होते, गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. ज्यांच्या घराण्यात बाहेरच्या जातीची आई आली ते काळे. त्यांच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नाही, पंगतीत एकत्र बसणे नाही. केहिमकरांनी हा भेद नोंदवला आहे, पण ज्या तळमळीने ते आपल्या समाजावरचा अन्याय मांडतात ती तळमळ या ठिकाणी मला आढळली नाही. आपण शुद्ध आहोत हे बाहेरच्यांना सिद्ध करून दाखवायचे असेल, तर घरातल्या कुणाला तरी अशुद्ध ठरवावेच लागते की काय? तेली हा आपला खरा वर्ग नव्हे, तो प्रसंगाने पत्करलेला धंदा, हेही त्यांच्या लिहिण्यातून पुनःपुन्हा जाणवते. त्या काळच्या माणसाकडून वेगळी अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल. पण मी तेल्याची मुलगी म्हणून ते पान वाचत होते, तेव्हा ते पान मला टोचलेच. फुल्यांनी हे वेगळ्या रीतीने लिहिले असते, असे मला वाटते. आपल्याकडे संताजी जगनाडे हेही तेलीच. तुकारामांचे अभंग लिहून ठेवणारे त्यांचे टाळकरी. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. तिथे धंदा लपवावा लागला नाही.

केहिमकर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वारले. ग्रंथ हस्तलिखितच राहिला होता. शाळा उभी राहिली, पण पुस्तक छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. चाळीस वर्षे ती बाडे कपाटात पडून होती. आणि मग ज्या माणसाने ती छापून काढली, त्याचे नाव वाचून मला सरांचा तो तास आठवला. इमॅन्युएल ओल्सवांगर. हे पोलंडकडचे ज्यू, आणि यिद्दिश लोककथा व विनोद गोळा करणारे नामांकित संग्राहक! १९३६ साली ते भारतात आले होते. महात्मा गांधी व पंडित नेहरू यांच्यापुढे ज्यूंच्या राष्ट्राचा प्रश्न मांडण्यासाठी त्यांना पाठवले होते. ते संस्कृत जाणत आणि पुढे त्यांनी भगवद्गीतेचे हिब्रूत भाषांतरही केले. त्यांनी केहिमकरांचा ग्रंथ संपादित केला आणि दुसऱ्या वर्षी तेल अवीवमधून प्रसिद्ध केला. यिद्दिशवाल्याच्या हातून मराठीवाल्याचे पुस्तक जगापुढे आले. आमच्या वर्गात मात्र यिद्दिशपासून शनिवार तेल्यांपर्यंत यायला एक हशा मध्ये पडला.

पुढची हकीकत केहिमकरांच्या नंतरची, म्हणून थोडक्यात लिहिते. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि बहुसंख्य बेने इस्राएल हळूहळू तिकडे गेले. परंतु तिथे १९६२ च्या सुमारास धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांबाबत हरकत घेतली आणि मूळ वंशाविषयी तीच जुनी शंका पुन्हा काढली. बेने इस्राएलांनी धरणी धरली, आंदोलन केले. १९६४ साली तिथल्या सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. १८९२ साली केहिमकर जे पटवून देत होते, ते त्यांच्या पणतवंडांना पुन्हा पटवून द्यावे लागले. तिकडे गेल्यावरही मराठी त्यांनी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे नियतकालिक त्यांनी तिथून मराठीत काढले. महाराष्ट्रात आता थोडी कुटुंबे उरली आहेत. २०१६ साली आपल्या राज्याने ज्यूंना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचे १९२१ सालचे सुक्कथ शेलोमो प्रार्थनामंदिर आहे. मी एकदा त्या रस्त्याने मुद्दाम चालत गेले. आत जाण्याचे धाडस झाले नाही, बाहेरूनच पाहून आले.

आमच्या तालुक्याचे वेल्हे हे नाव बदलून राजगड करायला २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा गावात सर्वांना आनंद झाला. मलाही झाला. तरी आजी अजून वेल्ह्याला जाऊन येते, राजगडला नाही. तिच्या लेखी राजगड वर आहे, डोक्यावर.

शनिवारी मी घरी जाते. स्वारगेटहून नसरापूर, मार्गासनी, साखर असे करत गुंजवण्याला पोचेपर्यंत गडावर जाणाऱ्या पोरांच्या गाड्या येऊन लागलेल्या असतात. शनिवार-रविवार आमच्याकडे पिठले-भाकरीचे जेवण मिळते, त्यामुळे आमच्या घरात शनिवार हाच सर्वांत कष्टाचा वार. गेल्या शनिवारी चुलीपाशी बसून मी आजीला केहिमकरांची गोष्ट सांगितली. गलबत फुटले, चौदा माणसे वाचली, त्यांनी घाणा घातला, शनिवारी बंद ठेवला. समुद्र तिने कधी पाहिलेला नाही, तरी गलबत फुटल्याचे ऐकून तिने जिभेने चुकचुक केले. गोरे-काळे मी सांगितले नाही. ग्रंथ, शाळा, तेल अवीव यांतले तिला फारसे काही पोचले नसावे. शेवटी तिने एकच विचारले, की त्यांच्यात शनिवारी माणसांनाच सुटी असायची का बैलालाही? सुदैवाने मी ते वाचले होते. त्यांच्या दहा आज्ञांत मालकाबरोबर चाकराला आणि गुराढोरांनाही त्या दिवशी विसावा सांगितला आहे, असे मी म्हणाले. आजीने मान डोलावली. मग ते खरे तेली, असे म्हणून तिने पुढची भाकरी थापायला घेतली.